सीट कुठली?

अगं, ऐक तर! आपली ऋचा आणि अतुल नोएडाच्या ऑफिसात शेजारी शेजारी बसायचे ना? दोघांचं काम एकच. दोन देशांतल्या कंपन्यांचं भांडण कोर्टाऐवजी लवादापुढे गेलं, तर कुठल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते शोधायचं. पहिला प्रश्न कायम तोच, सीट कुठली? म्हणजे लवादाचं ठिकाण म्हणून करारात लिहिलेलं गाव. सुनावणी सिंगापूरला घ्या नाहीतर पानिपतला, सीट हलत नाही.

अतुलला त्याचीच गंमत. मेट्रोत चढला की विचारणार, "सीट कुठली?"

"तुझ्या शेजारची," ऋचा म्हणायची. लग्नाची तारीखही धरली होती, यार.

डिसेंबरच्या धुक्यात हायवेवर त्याची कॅब ट्रकवर आदळली. संपलं.

ऋचा परत कामावर आली, त्याच्या खुर्चीवर हात ठेवला, तर खुर्ची ऊबदार! तिला वाटलं, ऊन आलं असेल. पण त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. एकदा ऑफिसातली केतकी फोनवर बोलता बोलता तिथे टेकली आणि ताडकन उठली.

"आत्ता कोण उठलं गं इथून?"

"कोणी नाही."

मग ऋचा रोज सकाळी लवकर येऊन तिथे नुसता हात ठेवायची. तेवढ्यावर दिवस काढायची.

फेब्रुवारीत ऑफिस गुरुग्रामला हललं. जुनं फर्निचर सगळं भंगारात. ऋचा अडून बसली, "ही खुर्ची मी नेणार." गेटवर गार्डकडे नाव-नंबर लिहून दिला, कॅबवाल्याशी भांडली आणि खुर्ची मागच्या सीटवर, आपल्या शेजारी घालून घेऊन गेली.

नव्या टॉवरमध्ये खिडकीपाशी, भर उन्हात ठेवली. हात लावला.

गार. बर्फासारखी.

दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा हात लावून बघितलं. रडलीसुद्धा नाही गं.

तेवढ्यात फोन. नोएडाचा गार्ड, द्वारका. नवाच होता, अतुलला कधी बघितलेलंही नाही.

"मैडम, आपके एक साहब यहीं रह गए हैं. ऊपर कोने में बैठे हैं."

"हॉल तो खाली है ना?"

"बिल्कुल खाली. एक ही बात पूछे जा रहे हैं, हमारी समझ में नहीं आती. सीट... कुठली?"

ऋचाचा हात खुर्चीवरच होता.

"भैया, बैठे किस पर हैं?"

 मग अगदी हळू,

"वही तो, मैडम. नीचे कुछ नहीं है."