कोऱ्या आभाळातली रेघ

इल्मा तोंडवलीला घरी सुट्टीवर आली होती, पण काम पाठ सोडतंय थोडंच! आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी किती तेजस्वी आहेत एवढंच न दाखवता, त्या कुठल्या दिशेने झुलतात हेही चित्रात नीट उतरावं, अशी नवी रीत तिने बसवली होती. अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. आता शेवटची चाचणी: लॅपटॉपवर मुद्दाम कोरं ठेवलेलं आभाळ, त्यात नुसती खरखर. चित्र कोरंच यायला हवं.

ते आलं नाही. कोपऱ्यात एक ठिपका उमटला, त्यावर उभी रेघ. तिने खरखर बदलून पाहिली, तरी ठिपका जागचा हलेना. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली म्हणून तिला रडूच आलं.

दिवेलागणीला आई, सुगरा, चहा घेऊन आली. दारातून सुक्या बांगड्यांचा वास येत होता.

"ही रेघ कसली गो?"

"लहर वरखाली झुलता, म्हणान उभी. बाजूक झुलली तर आडवी."

सुगराने बशी खाली ठेवली. इल्माचे वडील मेहबूब होडीतून कंदिलाने खूण करायचे. आडवा झुलवला तर या, वरखाली केला तर येऊ नका. शेवटच्या रात्री, वादळात, किनाऱ्यावरून उजेड तेवढा दिसला, झुलणं कुणाला कळलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ शाहनवाज होडी घेऊन त्यांच्याकडे गेला. दोघेही परतले नाहीत.

"तुझो भाव शादाब आता होडी काढता," सुगरा पुटपुटली. "तेका थांबव."

"अम्मी, ही माझी चूक आसा. ह्या आभाळात काय एक नाय..."

"चूक तर चूक. थांबव."

अम्मीला बरं नाही, अशी थाप मारून इल्माने भावाला फोन करून बोलावून घेतलं. शादाब कुरकुरत आला, आणि चहा संपायच्या आत वारा असा सुटला की खिडक्या आपटू लागल्या. तो आईजवळ बसला. इल्माचा जीव भांड्यात पडला.

तरी राहवेना. तिने नवी खरखर घालून चित्र पुन्हा काढलं. ठिपका तिथेच होता. रेघ मात्र आता आडवी झाली होती.

तिने झटकन लॅपटॉप मिटला. पण सुगरा मागेच उभी होती.

"बघलंय मी," ती शांतपणे म्हणाली. "शादाब नको तेंका. माका बोलावतत..."

इल्माने दाराला कडी घातली आणि आईचा हात घट्ट धरला. तिच्या मुठीतला तो हात हळूहळू आडवा झुलत होता.