येते म्हणावं

आमच्या इमारतीत दारांना उंबरे नाहीत. म्हातारी पावलं अडखळू नयेत, चाकाची खुर्ची सरळ आत यावी म्हणून. बाकी सगळं ज्याचं त्याचं. एक खोली, ओटा, न्हाणीघरात धरायला दांडा, पलंगाशी मदतीसाठी ओढायची दोरी आणि आपल्या दाराची किल्ली आपल्याकडे. माझ्या शेजारच्या घरात वन्सं राहायच्या, माझी थोरली नणंद. एका घरात राहिलो असतो तर एव्हाना एकीने दुसरीला खाल्लं असतं, असं त्या येईल त्याला सांगत. मध्ये भिंत आहे म्हणून माया टिकली.

रोज संध्याकाळी सिस्टर फेरीला येतात आणि प्रत्येक बंद दाराला बाहेरून एक पातळ लाकडी पट्टी टेकवून ठेवतात. सकाळी आपण दार आत ओढलं की पट्टी घरात पडते, टक्. न्याहारी उरकली तरी जिची पट्टी उभीच, तिचं दार सिस्टर स्वतःकडच्या किल्लीने उघडतात. साधीच युक्ती. पण सकाळी अंथरुणात पडून कॉरिडॉरमधली ती टक्‌टक् ऐकताना मला कुणीतरी माळेचा एकेक मणी ओढतंय असं वाटायचं. एकेक जीव, देवाने अजून एक दिवस पुढे सरकवलेला.

असो. मूळ पदावर येते.

पट्टी वरचेवर उभी राहायला लागली की माणसाला वरच्या मजल्यावर हलवतात. तिथे सेवा उत्तम, माणसं मायेची. फक्त दाराची किल्ली आपल्याकडे नसते. वन्संचे गुडघे गेले होते, सकाळी बोटं वळत नव्हती, तरी वरच्या मजल्याचं नाव काढलं की एकच उत्तर, माझं मी करते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता शेवटी माझं दार दुसऱ्याने उघडायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

समोरच्या घरात शिंपीणबाई होत्या. एका दुपारी त्यांना इस्पितळात न्यायला माणसं आली. स्ट्रेचरवरून त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "येते हं." आपण जाते म्हणत नाहीच. वन्संनीही दारातून रीतीप्रमाणे म्हटलं, "या. वाट बघते."

शिंपीणबाई इस्पितळातच वारल्या. त्यांच्या भिंतींना नवा रंग लागला. आणि वन्संची पट्टी रोज सगळ्यांच्या आधी पडायला लागली.

मला वाटलं, गुडघे सुधारले. त्यांना वाटलं, पट्टी मी पाडते. एकदा चहाला बसलो असताना त्यांनी मला चांगलंच झापलं. मदत करायची तर तोंडावर कर, चोरून केलीस की मिंधं वाटतं, म्हणाल्या. मी म्हटलं, बाहेरून मी पाडली तर ती बाहेर पडेल. तुमची तर रोज आत पडलेली असते. दार आतूनच उघडावं लागतं.

दोघींचे कप खाली आले.

"मग झोपेत चालत असेन," वन्सं म्हणाल्या.

"या गुडघ्यांनी?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी सुयांची उशी माझ्यापुढे सरकवली. त्यांना सुईचं नेढं दिसत नसे, दोरा ओवायला माझ्याकडे यायच्या. उशीतल्या सगळ्या सुया ओवलेल्या होत्या. दोऱ्यांना गाठीसुद्धा मारलेल्या.

मी इस्पितळाच्या औषधालयात आयुष्य काढलं. बाटलीवर नाव नसेल तर औषध द्यायचं नाही, तसं कारण सापडत नसेल तर गोष्ट मानायची नाही. देवावर माझी श्रद्धा आहे, पण देव कुणाच्या सुया ओवत बसत नाही. म्हणून मी अंथरूण घेऊन वन्संकडे झोपायला गेले. लॅच स्वतः लावलं, दार ओढून पाहिलं. बाहेर सिस्टरनी पट्टी टेकवल्याचं ऐकलं.

उजाडलं. पडद्याच्या कडेने ऊन फरशीवर आलं. वन्सं जाग्या होत्या, छताकडे बघत. मी सोफ्यावर. मध्ये कपाट असल्याने दार कुणालाच दिसत नव्हतं.

लॅच वाजलं.

मग टक्.

मी उठून गेले. दार वीतभर उघडं, पट्टी आतल्या फरशीवर. कॉरिडॉरमध्ये कुणी नाही. दारापाशी वास होता, गरम इस्त्रीचा आणि कापडावर खुणा करतात त्या खडूचा.

"बस गं," पलंगावरून वन्सं शांतपणे म्हणाल्या. "मी या म्हटलं होतं. आल्या."

सिस्टरना सांगायचं म्हणजे वन्सं दार उघडू शकत नाहीत, हेही सांगायचं. मी गप्प बसले. सिस्टर कौतुकाने म्हणायच्या, मावशी, तुमच्यासारखं लवकर उठणारं या मजल्यावर कुणी नाही. वन्सं मान डोलवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मग एका संध्याकाळी त्या भिंत धरून धरून माझ्याकडे आल्या. आल्या आल्या माझ्या वेड्यावाकड्या पडलेल्या सपाता काठीच्या टोकाने सरळ केल्या. सपाता अशा भिरकावणाऱ्या बाईच्या संसाराचं काय होणार, हे मी नवी नवरी असल्यापासून ऐकत आलेय. बराच वेळ बसल्या. निघताना दारात थांबून त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. हल्ली उठताना मलाही दोन्ही हात टेकावे लागतात, ते त्यांनी हेरलं होतं.

"जाते गं," म्हणाल्या.

जन्माची सवय. "असं जाते म्हणू नये वन्सं. येते म्हणावं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मुद्दाम म्हटलं होतं, वेडे." मग हसल्या. "बरं. येते."

"या," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

सकाळी त्यांची पट्टी पडली, नेहमीसारखी पहिली. म्हणून कुणी चौकशीला गेलं नाही. चहा घेऊन मीच गेले. वन्सं आपल्या पलंगावर, आपल्या पांघरुणात, हात छातीवर. डॉक्टर म्हणाले, निजल्यावर थोड्याच वेळात गेल्या असणार. सिस्टरनी फरशीवरच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार तुम्ही उघडलंत ना, विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते हो धरलं. वन्सं आपल्या दाराआड गेल्या, एवढं खरं. हट्ट देवाने पुरवला की आणखी कुणी, ते मला सांगता येणार नाही.

आता त्यांच्या भिंतींना रंग लागतोय. वास इकडेपर्यंत येतो.

आज सकाळी माझा गुडघा वळेना. पलंगाशेजारची दोरी हाताशी होती. ओढली असती तर सिस्टर धावत आल्या असत्या, आणि त्यांच्यामागून वरच्या मजल्याचा विषय. मी दोरी धरून नुसती पडून राहिले.

लॅच वाजलं.

टक्.

सिस्टरची पावलं माझ्या दाराशी थांबली. मावशी, सगळं ठीक ना, त्यांनी बाहेरूनच विचारलं.

मी दोरी सोडली. "ठीक आहे. माझं मी करते."

पावलं पुढे गेली. मी हळूहळू पाय खाली सोडले. रात्री एक पालथी आणि एक दूर भिरकावलेल्या माझ्या सपाता पलंगाशी जोडीने सरळ लावलेल्या होत्या. मी त्यांत पाय घातले.

आतून उबदार होत्या.