थांबायची जागा

त्या दिवशी मी ताईंकडे गेले होते ती फक्त पडदे आखूड करून घ्यायला. दिवा जरा इकडे सरकव, तुझं तोंड दिसू दे मला. ही गोष्ट अंधारात सांगायला नको वाटते.

ताई म्हणजे आमच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या. त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. त्यांच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हसत गेलं की तोंड पाडून, हे मला कुणी सांगावं लागत नाही. आमचे हे म्हणतात, "तुला दाराच्या भिंगातच बसवायला हवं." म्हणू देत.

ताईंनी पडदा उलटा करून पाहिला, टाचण्या ओठांत धरल्या आणि त्या टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "तुझ्या भाच्याचा फोन आला होता."

माझा भाचा आणि ताई यांचं बोलणं कधीचंच बंद होतं. भांडण नव्हतं. त्याहून वाईट काहीतरी होतं.

तुला तळघरवाल्यांचं सांगायला हवं, नाहीतर काही कळायचं नाही. आमच्या इमारतीखाली पूर्वी पाण्याचा पंप होता, त्या तळघरात ही पोरं वाजवायची. बँडचं खरं नाव उच्चारलं तर जीभ धुवावी लागेल, म्हणून आम्ही सगळे त्यांना तळघरवालेच म्हणायचो. भिंतींना जुन्या गाद्या खिळ्यांनी ठोकलेल्या, वास असा की माझी नाकपुडीच बंद व्हायची. ताईंचा मुलगा गिटार वाजवायचा आणि गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा, घशात खडी भरल्यासारखा. त्याला सगळे घोगऱ्या म्हणत. दुसरी गिटार माझ्या भाच्याची. जाड तारांच्या गिटारवर मुका. तो मुका नव्हता, पण बोलायचाच नाही. आणि ड्रमवर हातोडा.

हातोड्याच्या आधी ड्रमवर किती आले नि गेले, गणतीच नाही. एकाचं लग्न ठरलं. एकाला वाजवता वाजवता झोप लागायची. एक जण ड्रम घेऊन पळाला, आणि ड्रम त्याचे नव्हतेच. मध्ये एकदा भांडून बँड फुटला, तर दोन्ही तुकड्यांनी तेच नाव ठेवलं आणि एका संध्याकाळी एकाच हॉलमध्ये समोरासमोर उभे राहिले. स्टेजवर गचांड्या धरल्या, गिटारी मोडल्या, एकाचं नाक फुटलं. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! रक्त पुसत पुसत घोगऱ्या आणि भाचा पुन्हा एक झाले.

आवाज फार झाला की ताई हातातल्या कात्रीने पाण्याच्या पाइपवर ठोकायच्या. ते खाली ऐकू जायचं. आवाज कमी व्हायचा, थोडा वेळ.

मग एक दिवस तळघरात गाणं टेप करत असताना घोगऱ्याला विजेचा धक्का बसला. गिटार गळ्यात, तोंड माइकला. वायरमन आला, भिंतीला हात लावून म्हणाला, "ओल आहे." ओल तर होतीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. "क्षणात गेला, काकू. त्याला कळलंसुद्धा नाही," असं माझ्या भाच्याने ताईंना सांगितलं, आणि त्यानंतर तो त्यांच्या दारासमोरून कधी गेला नाही. माझ्याकडे यायचं झालं तर मागच्या जिन्याने.

ते शेवटचं गाणं पुढे कॅसेटवर आलं. असल्या संगीताच्या नादी लागलेली पोरं अजून येतात, तळघराच्या दाराचे फोटो काढतात.

"काय म्हणत होता?" मी ताईंना विचारलं.

"मोठा कार्यक्रम आहे म्हणे. तिघं पुन्हा एकत्र येतायत. आमच्याचा आवाज टेपवरून सोडायचा आणि हे स्टेजवर साथ करणार. माझी परवानगी हवीय."

"मग?"

"म्हटलं, आधी मला ऐकव."

"म्हणजे तुम्ही ते गाणं कधी…"

"ती कॅसेट कधीच लावली नाही." त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून पडद्याला लावली. "मागे एक मुलगी फोटो काढायला आली होती. मला म्हणाली, तुमच्या मुलासारखी किंकाळी कुणालाच जमली नाही. किंकाळी म्हणाली ती. गाणं नाही म्हणाली." मग त्यांनी वर पाहिलं. "तो टाळेल. तू सांग त्याला. तुझं ऐकतो."

आणि मी सांगितलं. मध्ये पडायची मला हौसच.

तो आला तेव्हा दुपार कलली होती. केसांत पांढरं, हातात जुना टेपरेकॉर्डर. आधी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"मावशी, मी ती जागा कापून आणलीय."

"कुठली जागा?"

"किंकाळीची. त्या जागी आता नुसतं आमचं वाजवणं आहे."

"का रे?"

तो नळाकडे बघत राहिला. "ती… गाण्यातली नाहीय."

मला कळायला वेळ लागला. मग विचारलं, "धक्का बसला तेव्हाची?"

"आम्हाला वाटलं, आज काय सूर लागलाय याला! हातोडा तर हसला. आम्ही आणखी जोरात वाजवायला लागलो, मावशी. त्याच्याकडे बघून. गाणं संपेपर्यंत."

"आणि तेच कॅसेटवर घातलंत?"

"त्याइतकं चांगलं आमचं कधी झालंच नव्हतं," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की मला रागावतासुद्धा आलं नाही.

मी म्हणाले, "काकूंना यातलं काही बोलू नकोस. कापलेलंच ऐकव. त्यांना आता कशाला त्रास." हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने.

ताईंनी शिवणयंत्रावरचे कपडे बाजूला केले आणि रेकॉर्डर तिथे ठेवायला सांगितलं. खोलीत यंत्राच्या तेलाचा आणि नव्या कापडाचा वास. खिडकीतून उजेड येत होता, पण दमलेला. भाच्याने वायर लावली, बटण दाबलं आणि स्वतः दाराजवळ जाऊन उभा राहिला.

सुरुवातीला हसणं ऐकू आलं. पोरांचं. मग घोगऱ्याचा आवाज, अगदी जवळून, "चला रे, या वेळी नीट." ताईंचा हात उठला आणि रेकॉर्डरवर जाऊन टेकला, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा. मग तो दणदणाट. मला तो कधी सोसला नाही, पण ताई मान खाली घालून ऐकत होत्या. घोगऱ्या गात होता. भाचा हळूहळू माझ्याजवळ सरकला. कुजबुजला, "आता येईल ती जागा."

ती आली. घोगऱ्याचा आवाज सुरीने कापल्यासारखा गेला. नुसती वाद्यं राहिली. ताईंनी मान वर केली. "इथे कुठे गेला तो?"

भाचा काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात टेपमधली जाड तारांची गिटार थांबली.

मग ड्रम थांबले. सगळे एकदम नाही. आधी एक हात थांबावा, मग दुसरा. आणि शेवटी माझ्या भाच्याची गिटार, अर्ध्यातच. टेप फिरत होती. त्या शांततेत एक बारीक आवाज सुरू झाला. घूं… असा, सारखा, जुन्या पंख्यासारखा.

मला वाटलं, टेप खराब झाली. भाच्याकडे पाहिलं तर तो भिंतीला चिकटून उभा.

"आम्ही थांबलो नव्हतो," तो म्हणाला.

"काय?" ताई म्हणाल्या.

"काकू, आम्ही थांबलो नव्हतो… इथे आम्ही थांबलोच नव्हतो. आणि ही घूं… ही तर नव्हतीच त्या दिवशी. ही मीच घालवली होती."

"कशी घालवलीस?"

"टेपमध्ये घूं यायची त्याच्या स्पीकरमुळे. प्लगची तिसरी पिन काढली, अर्थिंगची, धक्का जमिनीत नेणारी, की घूं जाते. सगळेच करतात, काकू… सगळे बँडवाले करतात. मी पक्कड घेऊन ती मोडली. त्याला सांगितलंसुद्धा नाही. घूं गेली. तो म्हणाला, वा, आता कसं स्वच्छ झालं…"

टेपमधून आता पावलं ऐकू यायला लागली. कुणीतरी धावत होतं. काहीतरी ओढत नेल्याचा आवाज. आणि मग माझ्या भाच्याचा तरुण आवाज, फाटलेला, "बंद कर! मेन बंद कर! धर त्याला!"

तो आवाज ऐकून म्हाताऱ्या झालेल्या माझ्या भाच्याने झडप घालून प्लग उपटला.

चाकं थांबली. घूं मात्र थांबली नाही. आम्ही तिघं तिथेच उभे, वायर त्याच्या हातात लोंबतेय, आणि ती घूं खोलीत आहे… मग नव्हती. नेमकी कधी गेली, ते आमच्यातल्या कुणालाच सांगता यायचं नाही.

भाचा खाली बसला, कापडाच्या तुकड्यांमध्ये. सगळं सांगितलं त्याने ताईंना. हसलेला हातोडा, आणखी जोरात केलेलं वाजवणं, कॅसेट. मी मध्ये एकदा "अरे, पुरे" म्हणाले, तर ताईंनी मला हाताने गप्प केलं.

मग त्या म्हणाल्या, "मला ऐकू आली होती ती किंकाळी. त्या दिवशी मी इथेच होते, यंत्रावर. कात्री हातात घेतली होती मी, पाइपवर ठोकायला."

"मग?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"नाही ठोकली." त्यांनी यंत्राचं चाक उगीचच थोडं फिरवलं. "त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं गाणं आवडलं होतं."

भाचा लहान पोरासारखा रडला. ताईंनी त्याला जवळ घेतलं नाही. झिडकारलंही नाही. अंधार पडायला लागल्यावर दिवा लावला आणि म्हणाल्या, "कार्यक्रम करा. त्याचा आवाज सोडायचा नाही. पण ते गाणं वाजवा, आणि त्या जागी थांबा. तिघांनीही. मला ते बघायचंय."

"थांबू, काकू."

"नक्की?"

"नक्की."

तर आम्ही दोघी गेलो. जुन्या गोदामाचा हॉल केला होता, पोरं खच्चून भरलेली, आणि त्यांच्यात आम्ही दोघी मागच्या बाकावर, चुकून आल्यासारख्या. मी कानांत कापसाचे चांगले जाड बोळे घातले होते. ताईंनाही दिले, त्यांनी घेतले नाहीत. स्टेजवर मुका, हातोडा, माझा भाचा. मधोमध एक माइक उभा, त्याच्यामागे कुणीच नाही. ते गाणं त्यांनी सुरू केलं तेव्हा बाकडं माझ्याखाली थरथरत होतं. कापसातूनही छातीत धडधड. मी भाच्याकडे बघत होते. त्याची मान ताठ झाली, तेव्हा मला कळलं, आता.

थांबले. तिघंही एकदम, हात वर धरून.

एवढी माणसं आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, उशिरा का होईना, थांबली पोरं.

ताई माझ्याकडे वाकल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, हे तर थांबले," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "मग तो अजून का ओरडतोय?"

कापसामुळे मला त्यांच्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. बोळा काढावा म्हणून मी कानाकडे हात नेला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हळूच दोन्ही हात कानांवर ठेवले. मग तिच्या शेजारच्याने. मग त्यांच्या मागच्या रांगेने, एकेकाने, गुपचूप, पाऊस मागे मागे सरकत यावा तसं. स्टेजवर हातोड्याने पुन्हा सुरू करायला काठ्या उचलल्या आणि माझ्या भाच्याने मान हलवली. अजून नाही. तिघं त्या मधल्या माइककडे बघत उभे होते, कुणाचं तरी संपायची वाट बघत.

मी हात खाली घेतला. कापूस तसाच राहू दिला.