सव्विसाव्या भागानंतर

"आत येऊ का, मॅडम? बाहेर चव्वेचाळीस झालंय."

शिवलीलानं मान वर केली. दारात एक उंच तरुण जेवणाचा डबा छातीशी धरून उभा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, केस कपाळावर आलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू हे दार त्याच्यासाठीच उघडं ठेवलं होतं.

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेल कंपनीत गारवा असलेली खोली एकच होती, शिवलीलाची लॅब. परदेशातल्या गिऱ्हाइकानं पाठवलेल्या नमुन्याशी आपल्या टॉवेलचा रंग जुळतो की नाही, हे ती तिथं बघायची.

"इथला एसी सुतासाठी आहे," ती म्हणाली. "माणसांसाठी नाही."

"मग मला सूत समजा की."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलंच... आणि त्या गडबडीत मोबाईलला लावलेली इयरफोनची वायर निसटली. खोलीभर एका बाईचा खणखणीत आवाज घुमला. ती हिंदीत कुणाला तरी सुनावत होती, "सर, हा बूट आधी स्वतः घाला, चार पावलं चाला, मग सांगा विकायचा की नाही!"

"कोण ही?" तो टेबलावर डबा ठेवत म्हणाला. "लई भारी बोलायलीय."

"चायनीज सिरियल आहे. हिंदीत डब केलेली. छत्तीस भाग आहेत."

"मग पहिल्यापासून लावा की. मला कुठं जायचंय?"

त्याचं नाव नंदीश. होटगीहून रोज मोटारसायकलवर येणारा नवा मर्चंडायझर. गिऱ्हाइकांशी बोलायचं, ऑर्डर वेळेत रवाना करायची, हे त्याचं काम. त्या दुपारी त्यानं शिवलीलाच्या डब्यातली शेंगाचटणी स्वतःहून वाढून घेतली, तिच्या इयरफोनचं एक टोक कानात घातलं, आणि पहिला भाग संपेपर्यंत जागचा हलला नाही.

ती सिरियल एका बुटांच्या कंपनीतली. नायिका जाड चष्मा घालणारी, धांदरट, पण कामात कुणाचं न ऐकणारी. नायक तिचा साहेब. हसत नाही, बोलत नाही, नुसता बघतो. नंदीशनं त्याचं नाव ठेवलं 'फ्रीज'. नायिका झाली 'चष्मेवाली'. शिवलीलाला चष्मेवाली का आवडते, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नंदीशला तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलं.

"माझे अप्पा तीस वर्षं रंगाई खात्यात होते. नुसत्या नजरेनं शेड सांगायचे. आता त्यांना नीट दिसत नाही. मी लॅबला लागले तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी आहे, वर्षभरात लग्न करून जाईल. चार वर्षं झाली. दिवाळीत गुरुबसप्पा काका रिटायर होतील. तेव्हा हेड म्हणून माझं नाव लागणार आहे... लागेल बहुतेक."

"बहुतेक का? लागणारच," नंदीश म्हणाला. मग बाही पुढं करून, "बरं, आता सांगा, माझ्या शर्टाची शेड कोणती?"

तिनं त्याचं मनगट धरून बाही रंग तपासायच्या लाइट बॉक्सच्या उजेडात नेली. दिवे बदलून बदलून बघितली.

"दुकानात निळा म्हणून घेतला असाल. पण उन्हात जांभळा दिसतो."

"आणि तुमच्या उजेडात?"

"माझ्या उजेडात... कॉलर मळलेली दिसते."

तो खदखदून हसला. मनगट मात्र त्यानं लगेच सोडवून घेतलं नाही. तिलाही ते सोडायचं राहून गेलं.

मग रोजचंच झालं. गुरुबसप्पा काका जेवायला घरी गेले, की दारावर दोन टकटक. अर्ध्या तासात जेवढा भाग होईल तेवढा बघायचा. लॅबचा फोन वाजला आणि ती उठली, की तो सिरियल थांबवून ठेवायचा. एकट्यानं पुढं कधी बघितली नाही. नवव्या भागात 'मॅडम' गेलं. तेराव्यात 'तुम्ही' गेलं. त्या दिवशी तो सहज म्हणून गेला, "शिवलीला, पाणी दे की," आणि दोघंही एकदम मोबाईलकडं बघायला लागले, जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. तिथं तेव्हा जाहिरात लागली होती.

संध्याकाळी ती घरी अप्पांना वाढताना मध्येच गप्प व्हायची. अप्पा कानडीतून विचारायचे, काय झालं गं? काही नाही, म्हणायची. पण भाकरी थापताना बोटांना उगाच घाई असायची. उद्याची दुपार लवकर यावी, एवढीच.

बिघडायला कधी लागलं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक अठराव्या भागात, चष्मेवालीनं चष्मा काढला तेव्हा. मग केस मोकळे सोडले. मग बुटांचं काम मागं पडलं आणि ती फ्रीजसाठी डब्यातून सूप घेऊन जायला लागली. तिनं काढलेलं डिझाईन फ्रीजनं स्वतःच्या नावानं दाखवलं. तिला राग आला, पण पावसात तो छत्री घेऊन उभा राहिला आणि राग गेला.

"एवढ्यानं?" शिवलीला म्हणाली.

"अगं, छत्री बघ की केवढी मोठी आहे," नंदीश म्हणाला. ती हसली नाही.

"ती पुन्हा बोलेल," ती स्वतःशीच म्हणाली. "पहिल्या भागात बोलली होती तशी. बघच तू."

रोज तिला वाटायचं, आज बोलेल. एकविसावा भाग गेला, तेविसावा गेला. सव्विसाव्या भागात चष्मेवालीनं राजीनामा दिला. साहेबाची बदनामी नको, त्याची खुर्ची जायला नको, म्हणून. कागद टेबलावर ठेवून ती हसत बाहेर पडली, आणि मागं गोड गाणं लागलं.

शिवलीलानं मोबाईल पालथा घातला.

"मी नाही बघणार पुढं."

"अगं, दहाच भाग राहिलेत!"

"आठ भाग वाट बघितली मी. ही ती बाईच नाही राहिली."

"प्रेमासाठी सोडतीय की," नंदीश सहज म्हणाला. घास तोडून चटणीला लावत म्हणाला. "मला तर गोड वाटलं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो मन लावून जेवत होता. मग तिनं स्वतःलाच बजावलं, सिरियलच तर आहे.

पुढच्या आठवड्यात, सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी, आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला. स्टाफची बस गेटावर अडकली. गाड्या लावायच्या पत्र्याच्या छपराखाली दोघंच उभी होती. पत्र्यावरचा आवाज एवढा, की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं.

"शिवलीला, मी घरी सांगितलंय."

"काय?"

"तुझं. अव्वा म्हणाली, मुलगी बघायला कधी जायचं?" तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी म्हणालो, बघायची काय राहिलीय? मी रोज बघायलोय की."

चार महिने ती ह्याच वाक्याची वाट बघत होती. तिनं कितीतरी उत्तरं ठरवून ठेवली होती, खोडसाळ, लाडिक. पण तिनं फक्त त्याच्या ओल्या बाहीचं टोक बोटांत धरलं.

"हो म्हण की," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. पावसात ते ऐकू गेलं नसतं, पण त्याला गेलं.

ते सुख जेमतेम मिनिटभर टिकलं असेल. मग नंदीश पुढचं बोलायला लागला. साखरपुडा कधी, होटगीचं घर कसं, वरची खोली. आणि त्याच ओघात, त्याच प्रेमळ आवाजात, "दिवाळीला तू राजीनामा दे, म्हणजे गडबड नको."

मालकांचा जुना नियम होता. नवरा-बायको एका कंपनीत नकोत. दोघांनाही तो माहीत होता.

"दिवाळीला माझं हेडचं आहे, नंदीश."

"माहीत आहे गं. पण आता काय करणार?"

तिनं त्याच्या बाहीचं टोक अजून सोडलं नव्हतं. तिनं विचारलं, अगदी साधं विचारलं, "तू सोडशील?"

आणि तो हसला.

त्यात खोट नव्हती. चिडवणं नव्हतं. तिनं एखादा मस्त विनोद केला असावा तसा तो मनापासून, डोळे बारीक करून हसला. ती हसत नाही हे त्याला उशिरा दिसलं.

"तू... खरंच विचारायलीस?"

"तुला कुठंही मिळेल नोकरी. तुझ्या कामाला दहा ठिकाणं आहेत. शेडच्या कामाला सोलापुरात किती?"

पत्र्यावर पाऊस कोसळत राहिला. "मला विचार करू दे," तो म्हणाला. गेटावर बसनं हॉर्न दिला आणि ती भिजत धावत गेली.

चार दिवस दुपारी टकटक झाली नाही. चार दिवस ती एकटी जेवली, आणि पाचव्या दिवशी पहाटे उठून तिनं राजीनामा लिहिला. हे तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही. चष्मेवालीवर एवढी चिडलेली ती, स्वतः तीन ओळी लिहून, घडी घालून, पर्समध्ये टाकून कंपनीत आली होती. त्याच्याशिवायची दुपार तिला सोसवत नव्हती. एवढंच कारण होतं. दुसरं काही नाही.

ती त्याच्या टेबलापाशी गेली. तो उठून उभा राहिला आणि तिच्याआधी बोलला.

"शिवलीला, मी लई विचार केला. मला जमायचं नाही. लोकांना काय सांगू, बायकोसाठी नोकरी सोडली म्हणून? मामा, काका, सगळे विचारतील." त्याचे डोळे तांबारलेले होते, तोही झोपला नव्हता. "तुझं तसं नाही ना. तू सोडलीस तर कुणी विचारणारसुद्धा नाही."

तिचा हात पर्सच्या चेनवर होता.

तो खरं बोलत होता. कुणीच विचारलं नसतं. गुरुबसप्पा काकांनी सुस्कारा सोडला असता, अप्पांनी मान डोलावली असती, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दुसरं कुणी उभं असतं. चार वर्षं कुठं गेली, असं एका माणसानंही विचारलं नसतं.

"मी विचारीन की," ती म्हणाली. "मला मी विचारीन."

ती लॅबमध्ये परत आली. कागदाचे तुकडे केले. दाराला आतून कडी लावली आणि सुतासाठी ठेवलेल्या त्या गारव्यात रडत बसली. कुणी दार वाजवलं नाही.

दिवाळीनंतर तिचं नाव दारावर लागलं. पेढे वाटले गेले. घडी खात्यातल्या महानंदाताईंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "ती बुटाची सिरियल बघितलीस का गं? मी लेकीच्या मोबाईलवर सगळी बघितली. शेवटी त्याला बक्षीस मिळतं आणि ती खाली बसून टाळ्या वाजवती. मांडीवर पोर. मला तर बाई गोडच वाटलं."

"मी सोडली मध्येच," शिवलीला म्हणाली.

डिसेंबरात एका दुपारी दारावर दोन टकटक झाली. तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

नंदीश आत आला. हातात एक कागद होता. "सही पाहिजे. प्रत्येक खात्याच्या हेडची लागते, त्याशिवाय सोडत नाहीत. गुजरातेत, वापीला चाललोय. तिथं एक मिल आहे." तो जरा वाळला होता. "जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधून तुझं दार दिसतं गं. ते... जमेना."

तिनं कागद घेतला. सहीची जागा शोधायला तिला वेळ लागला.

"मी बघितली पुढची," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "सिरियल. तिला नोकरी परत मिळते. स्वतःहून जाऊन मागते ती. सगळ्यांसमोर बोलते, पहिल्या भागात बोलली होती तसं."

"आणि तो?"

"तो... टाळ्या वाजवतो. खाली बसून."

शिवलीलाला सगळं कळलं. तिनं त्याचं खोटं पकडलं नाही. एवढं एक तरी त्यानं तिच्यासाठी बदललं होतं. सही करून तिनं कागद पुढं केला. त्याचं दुसरं टोक त्यानं धरलं, आणि क्षणभर दोघांनीही सोडला नाही.

"सोडता आली की रे तुला नोकरी," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "व्हय. आता आली."

तो गेला. तिच्यासमोर अकरा नमुने पडले होते आणि ते पाचच्या गाडीनं रवाना करायचे होते. तिनं दिवा लावला. एक एक तुकडा उजेडात धरत, डोळे पुसत, पुन्हा धरत तिनं अकराही तपासले. एकही शेड चुकली नाही.