तळ न फोडलेली होडी

"जी जळूनच जाणार, त्या होडीचा तळ आधी कुऱ्हाडीने कशाला फोडतात?"

हे गावातल्या कुस्तास आजोबांना विचारून दाखव, अशी एने आणि माईए या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. आमच्या बेटावर ऐन उन्हाळ्यात, जानच्या सणाला पेटवतात त्या आगीत दरवर्षी एक म्हातारी होडी जाते. कारण कुणी विचारत नाही. पण कुरेसारे शहरातल्या मोठ्या शाळेत नंबर लागल्यापासून मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. विचारलं.

आजोबा कुऱ्हाडीला धार लावतच राहिले. "धड जळाली तर धडच राहते, पोरी. मग तिचा धनी ती न्यायला येतो. एकट्याने वल्हवायचा त्याला कंटाळा येतो, म्हणून आपलं माणूस घेऊन जातो."

यंदाची होडी विल्लेमकाकाची होती. दोन हिवाळ्यांपूर्वी ती समुद्रातून रिकामीच परत आली होती.

बाबांनी आजोबांचा हात धरला. "माझ्या भावाच्या होडीला घाव घालायचा नाही."

"मग नंतर माझ्या दारात येऊ नकोस," आजोबा म्हणाले आणि बिअरकडे गेले.

होडीचं डांबर भराभर पेटलं. सूर्य अजून मावळला नव्हता, त्यामुळे ज्वाळा फिक्या दिसत होत्या. गाणी थांबली तेव्हा आगीतून करकर ऐकू आली. थांबून, पुन्हा. वल्ही ओढताना होते तशी.

"लाकूड तडकतंय गं," माईए म्हणाली.

लाकूड असं तालात तडकत नाही. आणि त्या होडीची वल्ही काकाबरोबरच गेली होती.

सकाळी आम्ही राखेतून खिळे वेचायला गेलो. एरवी डबा भरतो. यंदा एकही मिळाला नाही. राखेतून निघालेला रुंद चर वाळूवरून सरळ पाण्यात गेला होता.

मी घरी पळाले. बाबा नुकतेच उठले होते. पलंगाखाली त्यांचे बूट, पाण्याने भरलेले.

"हात दाखवा बाबा."

"छान झोप लागली गं," ते हसून म्हणाले.

दोन्ही तळहातांवर फोड आले होते. आमच्या बोटीला तर मोटर आहे.

आईने बूट मोरीत ओतले. एक बारीक मासा उडाला.

"सप्टेंबरात मी कुरेसारेला शाळेत जात नाही," मी दोघांना सांगितलं. "आणि आज रात्रीपासून बाबांचं मनगट माझ्या मनगटाला बांधून झोपणार आहे."