चार मीटर खालचा झेंडू

दत्ताराम परबांची थोरली लेक लग्न होऊन दहिसरला गेली, ते १९८४ साल. त्याच आठवड्यात शकु गायकवाड मुलुंडला सुलक्षणा राणेंकडे आली. सुलक्षणा खासगी तपास करायची. गिरणी बंद पडल्यापासून दत्ताराम तिच्यासोबत हिंडायचे.

शकुचा नवरा खंडू अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत शिपाई होता. पावसाळ्यात लागला, दिवाळीनंतर काढला. त्याचं हृदय अधू. औषधं संस्थेच्या दवाखान्यातून मिळायची, तीही बंद झाली.

"म्हणतात, खंडेनवमीला ह्यांनी यंत्रांची पूजा केली, झेंडूचे हार घातले, त्यानं नमुने नासले," शकु म्हणाली. "ताई, आम्ही बौद्ध. खंडेनवमी-दसऱ्याला हे नागपूरला होते, दीक्षाभूमीवर. सांगितलं, तर खोटारडा म्हणाले."

संस्थेत मीरा नावाच्या विद्यार्थिनीनं काम समजावलं. भांडुपच्या खाडीत नळी ठोकून तिनं चिखल काढला होता. चार मीटर खालचा थर चार हजार वर्षांचा. त्यात अडकलेल्या परागकणांवरून तेव्हाची झाडं कळतात, झाडांवरून पाऊस. तिला दाट, ओल्या रानाचे पराग मिळाले. पण त्यांच्यात झेंडूही निघाला, आणि झेंडू या देशात येऊन पाचशे वर्षंही झालेली नाहीत. तिचं काम रद्द झालं.

सुलक्षणानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुने कण पोकळ होते, नुसती टरफलं. झेंडूचे काटेरी कण मात्र आतून भरलेले.

असं का, तिनं विचारलं.

"चिखल आम्ही ॲसिडमध्ये उकळतो," मीरा खाली बघत म्हणाली. "आतलं जळतं, कवच उरतं."

उकळला दिवाळीनंतर. मग बाटली तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात. किल्ल्या दोन, एक मॅडमकडे, एक श्यामकांतकडे. पूजेचं विचारलं तर मीरा म्हणाली, मॅडम म्हणतात तर झाली असेल.

श्यामकांत हा दुसरा विद्यार्थी, बोलघेवडा. मॅडमचं पुस्तक येतंय, त्यात त्या काळी हा किनारा कोरडा होता असं मांडलंय, आणि मीरा उगाच पाऊस पाडत बसलीय, असं त्यानं हसत सांगितलं. खंडेनवमीला तो कुठे होता?

"इथंच. नारळ घेऊन आलेलो ना. पण दरवर्षी पूजा करणारा शिपाई दादू रिटायर झालेला, फोडणार कोण? घरी नेला, आईनं चटणी केली."

मॅडम, म्हणजे डॉ. मृणालिनी कर्णिक, शांतपणे बोलल्या. नवरात्रभर त्या पुण्याला होत्या. परतल्या तेव्हा वाळलेला हार चिखलाच्या नळीवरच होता. त्यांनीच खंडूला तो काढायला लावला.

बाहेर आल्यावर दत्ताराम म्हणाले, "तो श्यामकांतच गो. किल्ली आसा त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणानं सगळ्यांना संचालकांच्या खोलीत बसवलं. खंडू दाराशी उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"हाराचे पराग चिखलात पडले असते, तर चिखलाबरोबर ॲसिडमध्ये उकळून पोकळ झाले असते," ती म्हणाली. "हे भरलेले आहेत. म्हणजे उकळल्यानंतर बाटलीत घातले. दिवाळीनंतर, मुद्दाम."

"किल्ली श्यामकांतकडेही आहे," मॅडम म्हणाल्या.

"आहे. पण यंदा पूजा झालीच नाही, हे त्याला ठाऊक होतं. नारळ त्यानंच परत नेला. तो झेंडूचं बालंट शिपायावर कशाला रचेल? मीरा स्वतःचंच काम बुडवणार नाही. पूजा दरवर्षीसारखी झाली असणार, असं धरून चालली ती पुण्याला असलेली व्यक्ती. नव्या शिपायाचा धर्म तुम्ही कधी विचारला नाहीत, मॅडम. आणि जो हार नव्हताच, तो काढायला लावलात. पाऊस खरा ठरला, तर तुमचं पुस्तक खोटं पडत होतं."



सुलक्षणा मीराकडे वळली. "तुला माहीत होतं."

"प्रबंधावर सही त्यांची लागते," मीरा म्हणाली.

खंडू पहिल्यांदाच बोलला. "मी देव सोडले, साहेब. पोरांना सुद्धा हात जोडू देत नाही. काढायचंच होतं, तर चोर म्हणून काढायचं."

संचालकांनी घसा साफ केला. बाहेर बभ्रा नको, म्हणाले. जागा भरली गेली होती. खंडूला एप्रिलपासून परत घेऊ. तोवर औषधांचं काय, हे शकुनं दोनदा विचारलं. नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं.

मॅडमचं पुस्तक जानेवारीत आलं. मीराचं नाव आभारात होतं.

खंडू गायकवाड ११ फेब्रुवारी १९८५ रोजी भांडुपला राहत्या घरी वारला.