कोरालिनवरचा भटारी

एकोणीसशे तेवीस साल. सेंट लुसिया बेटावरच्या कॅस्ट्रीज बंदरात 'कोरालिन' आगबोट लागली, की फिलोमेन परटीण डोक्याच्या रुमालाला दोन टोकं काढून बांधायची. एक टोक म्हणजे मन मोकळं, दोन म्हणजे शब्द दिलेला. शब्द तिनं कुणालाच दिला नव्हता. पण खलाशांच्या चेष्टेवर दोन टोकांएवढा उतारा नव्हता.

एके दिवशी बोटीच्या इस्त्री केलेल्या मेजपोशांचा गठ्ठा घेऊन ती बोटीवर चढली, आणि पिठानं माखलेल्या एका माणसावर धडकली.

"अगं, जरा बघून!"

"बघूनच चालले होते. दिवसाढवळ्या भूत आडवं येईल हे काय ठाऊक?"

"भुताला नाव आहे. अनातोल. मार्टिनिकचा भटारी, या बोटीचे पाव भाजतो."

मग दर फेरीला मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यात एक गरम पाव निघू लागला. अनातोल गठ्ठा हातात द्यायचा, हसायचा... आणि रुमालाकडे बघून गप्प व्हायचा.

"तोंडात पीठ धरलंय का मेल्यानं?" फिलोमेनची क्लोतिल्द मावशी विचारायची.

वीस वर्षं बेटाबेटांची माणसं, टपाल, नवऱ्यामुलींच्या पेट्या वाहिलेली कोरालिन ऑगस्टच्या वादळात खडकावर फुटली. माणसांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. फिलोमेन तशीच धक्क्यावर धावली. रुमाल बांधायचंही भान नव्हतं.

वाचलेल्या माणसांना घेऊन कोळ्यांच्या होड्या एकेक करून लागल्या. शेवटच्या होडीतून अनातोल उतरला... अनवाणी, छातीशी एक मडकं धरून.

"हे काय वाचवलंस?"

"पावाच्या पिठाचं आंबवण. बोट गेली, पण पाव तर लागेलच ना लोकांना." मग हळूच म्हणाला, "तुझा होणारा नवरा रागावेल. भर पावसात, उघड्या डोक्यानं..."

"कसला नवरा?"

"रुमालाला दोन टोकं असतात ना तुझ्या? आमच्या मार्टिनिकातही त्याचा अर्थ तोच."

फिलोमेननं कपाळावर हात मारला. "अरे देवा! ती खलाशांसाठी रे!"

"मग माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी... उघडं डोकं घेऊन धावत आले, ते दिसत नाही होय?"

त्यानं मडकं खाली ठेवलं. दोन्ही हात मोकळे हवे होते.

कोरालिन अजून त्या खडकापाशीच आहे. तिच्या पोटात मोठ्या कोळंबीसारखी शेवंडं चांगली मिळतात म्हणतात. क्लोतिल्द मावशी नव्वदीपर्यंत टोमणे मारत जगली. अनातोलनं चर्चमागे भट्टी घातली, आणि आयुष्यात पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाही. तो गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. भट्टी त्यांची मुलगी चालवते. फिलोमेन दारात खुर्ची टाकून बसते, आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारते, "लग्न झालंय का रे तुझं? नसेल तर बोलून टाक बाबा कुणाशी तरी!"